पांढरा प्लग

माझ्या नवऱ्याला सगळे कानमास्तर म्हणतात. कौतुकाने म्हणतात. मला मात्र हल्ली ते नाव ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि का जाते ते आज सांगूनच टाकते. मनात ठेवून ठेवून माझंच पित्त खवळायला लागलंय.

आमचे हे मोटारसायकलींचे कार्ब्युरेटर लावून, म्हणजे स्क्रू फिरवून जुळवून देतात. सव्वीस वर्षं एवढं एकच काम. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल एकत्र करून इंजिनाला पाजणारं मुठीएवढं डबडं. पेट्रोल जास्त झालं तर गाडी घरघरते, धूर ओकते. त्याला हे म्हणतात 'जाड'. पेट्रोल कमी पडलं आणि हवा जास्त झाली तर आवाज टणटणीत येतो. तो 'कोरडा'. कोरडी गाडी पळते छान, पण आतून तापत जाते, आणि जुनी टू-स्ट्रोक असेल तर तापता तापता पिस्टन जागच्या जागी चिकटतो, मागचं चाक अडतं आणि वर बसलेला कुठे जाऊन पडेल ते त्याचं नशीब. "जाड गाडी नुसती पेट्रोल पिते, कोरडी गाडी माणूस पाडते." हे आमच्या ह्यांचंच वाक्य. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मला ऐकवलं होतं. बाकीच्या बायकांना त्या आठवड्यात काय ऐकायला मिळतं, कोण जाणे.

बाकीचे मिस्त्री गाडी लावली की इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून त्याचं टोक बघतात. चहाच्या रंगाचं असलं तर ठीक, काळं असलं तर जाड, पांढरं असलं तर कोरडी. ह्यांनी कधी प्लग काढला नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले, आणि दुसऱ्या हाताने स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. "ज्याला कान नाही त्याने प्लग बघावा," असं म्हणायचे. आणि खरंच होतं ते. लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी आतल्या खोलीत मशीनवर बसले होते. मी मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवते, मशीन जाडजूड आहे, आवाजही तसाच. हे बाहेर अंघोळीला निघाले होते, तिथूनच म्हणाले, "बॉबिनखाली धागा अडकलाय बघ." मला पटलं नाही. उघडून बघितलं तर होता, नखाएवढा. त्या दिवशी मी या माणसावर भाळले. उगाच लाजत नाही आता सांगायला.

मग बारा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिराने शेडच्या पुढच्या अर्ध्या भागात सायलेन्सरचं दुकान काढलं. सायलेन्सर म्हणजे आवाज गप्प करणारी वस्तू असं मला वाटायचं. आमचा दीर विकतो ते बरोबर उलटं. गाडीचा मूळचा पाइप काढायचा, त्याच्या जागी मोकळा पाइप बसवायचा, मग गाडी गल्लीच्या टोकाला असतानाच माळ्यावरचे डबे थरथरतात. पाइप मोकळा झाला की इंजिन जास्त हवा ओढतं. मग पेट्रोलही वाढवावं लागतं, नाहीतर गाडी कोरडी पडते. म्हणजे दिराने पाइप लावायचा आणि थोरल्याने मागच्या अर्ध्या शेडमध्ये तो पाइप सोसेल असा कार्ब्युरेटर लावून द्यायचा. भावाभावांचं जोडकाम. सगळे म्हणाले, छान जमलं.

जमलं ना. पत्र्याची बंद शेड, आणि त्या पाइपांच्या तोंडाशी उकिडवा बसलेला माझा नवरा, सकाळी नऊपासून. मी म्हटलं, कानात बोळे घाला. म्हणाले, "बोळे घालून ऐकू कसं?" मी दिराला म्हटलं, तू तरी सांग. तो म्हणाला, "वहिनी, दादाचे कान लोखंडाचे आहेत."

लोखंड काय होतं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी हे मला म्हणाले, "तुझा आवाज जाड झालाय. सर्दी आहे का?" मी म्हटलं, नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच. घशाच्या गोळ्या घेऊन आले. मी त्या गोळ्या आठवडाभर चघळल्या, मूर्खासारख्या. मग एकदा म्हणाले, "मशीनला चांगलं तेल घातलंस, अगदी गप्प चालतंय." मी तेल घातलं नव्हतं. मग म्हणे, मुलगी फोनवर पुटपुटते, तिला स्पष्ट बोलायला सांग. मुलगी दुसऱ्या गावी शिकवते, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत तिचा आवाज पोचतो, ती पुटपुटेल? आणि स्वतः मात्र इतक्या मोठ्याने बोलायला लागले की जेवताना मीठ मागितलं तरी शेजारची बाई मीठ घेऊन येईल. "अहो, हळू बोला." दिवसातून दहादा म्हणायची. मला वाटायचं, वय झालं, तिरसट झालेत. माझं बोलणं या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडतात, असं मी चार जणींना सांगितलंसुद्धा. एकाही कानाने ऐकत नव्हते, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. माझाही राग येतो मला.

आता सुताराचं सांगते, कारण खरा राग तिथे आहे.

आमच्या मागच्या गल्लीत एक सुतार आहे. बोलतो इतका हळू की समोरच्याला थोडं वाकावं लागतं. माझं कापड कापायचं टेबल त्यानेच केलं. तीनदा मापं घेतली, आणि टेबल आणून ठेवल्यावर चौथ्यांदा घेतली. त्याच्याकडे वडिलांची जुनी टू-स्ट्रोक आहे. या गाडीत पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळावं लागतं, तेल कमी पडलं तरी पिस्टन चिकटतो. मूळचा पाइप गंजून गेला म्हणून त्याने दिराकडून नवा बसवला आणि ह्यांच्याकडून कार्ब्युरेटर लावून घेतला. ह्यांनी कानाला मूठ लावली, म्हणाले, "जाड आहे," आणि पेट्रोल कमी केलं. आठ दिवसांनी पुलाच्या उतारावर गाडी जाम झाली. चाक अडलं. सुतार घसरत कठड्यापर्यंत गेला. उजवं मनगट मोडलं, आणि सुताराला उजवं मनगट म्हणजे काय ते मी सांगायला नको.

गाडी ढकलत शेडमध्ये आणली. ह्यांनी इंजिन खोललं, ओरखडलेला पिस्टन हातात घेतला आणि सगळ्यांसमोर, त्या आपल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "तेलाचा एक थेंब वाचवायला गेला आणि इंजिन घालवून बसला." सुतार गळ्यात हात अडकवून उभा होता. म्हणाला, "मास्तर, तेल मी मोजून घातलं होतं." हे पिस्टन पुसत राहिले. मी तिथेच होते, मला वाटलं, काय हा माज. शेडमधले लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून सुताराचं नाव 'थेंब' पडलं. "काय थेंब, कसं काय?" हे सुरू झालं. हात प्लास्टरमध्ये, काम बंद, आणि वर हे.

मी घरी म्हटलं, "तो माणूस तेल वाचवणाऱ्यातला नाही." तर म्हणाले, "तुला इंजिनातलं काय कळतं?" आणि मी गप्प बसले. का बसले? बाकी वेळी माझ्या जिभेला हाड नसतं.

त्यानंतर आणखी दोन गाड्या जाम होऊन आल्या. एकदा पेट्रोलमध्ये भेसळ निघाली, म्हणजे हेच म्हणाले निघाली. दुसऱ्यांदा दिराच्या पाइपावर खापर फोडलं. दोघा भावांचं आठ दिवस बोलणं बंद. त्या आठ दिवसांत मधल्या मध्ये निरोप कोणी पोचवले? मीच.

परवाचीच गोष्ट. पोहायला शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, तलावावर. त्यांचीही टू-स्ट्रोक आहे. पंधरा दिवसांपूर्वी दिराकडून पाइप आणि ह्यांच्याकडून कार्ब्युरेटर, असं दोन्ही करून गेल्या होत्या. त्या परत आल्या. म्हणाल्या, "गाडी फार तापते. चढावर गुडघ्याला चटका बसतो." मी त्यांच्या सीटचं कव्हर घेऊन गेले होते, म्हणून समोरच उभी होते. ह्यांनी गाडी चालू केली, स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले.

मी इंजिनातली नाही. पण रोज आठ तास मशीनवर बसते, आणि सव्वीस वर्षं त्या शेडमध्ये जाऊन येऊन आहे. गाडी किंचाळत होती. कोरडी ठणठणीत, पत्र्यावर चमचा घासल्यासारखी. माझे दात शिरशिरले. ह्यांनी डोळे उघडले आणि ओरडून म्हणाले, "जाड चालतेय. अजून पेट्रोल कमी करतो."

मॅडम काहीतरी सांगायला गेल्या, इंजिनाच्या आवाजात कोणाला काही ऐकू जाईना. त्यांनी सवयीने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. ह्यांच्या डोक्यामागे, दोन हातांवर. दिराच्या हातातली पक्कड खाली पडली. रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याने मान वर केली. मी कानांवर हात ठेवले. आमचे हे स्क्रू शोधत होते. मान इतकीशीसुद्धा वळली नाही.

आणि तेव्हा तो शब्द माझ्या डोक्यात वाजला. जाड. माझा आवाज जाड. मशीन गप्प. मुलगी पुटपुटते. बारीक, टोकदार आवाज ह्यांच्या कानातून केव्हाच गेले होते. उरली होती ती फक्त खालची घरघर. ह्यांना जगातली प्रत्येक गाडी जाडच ऐकू येणार होती, आणि हे प्रत्येकीचं पेट्रोल कमी करणार होते. सुताराचंही तेच झालं होतं. "मास्तर, तेल मी मोजून घातलं होतं," यावर त्या दिवशी हे पिस्टन पुसत राहिले ते माजाने नाही, ऐकूच आलं नव्हतं म्हणून.

मी पुढे झाले आणि गाडीची चावी फिरवली. शेड एकदम शांत झाली.

"काय करतेस?" हे ओरडले.

"प्लग काढा."

"काय?"

"प्लग," मी तोंडासमोर जाऊन म्हटलं. "काढा."

दीर पुढे आला. "वहिनी, गिऱ्हाइकासमोर कशाला? घरी बोला ना."

"तू एक अक्षर बोलू नकोस," मी म्हटलं. "लोखंडाचे कान म्हणे. बारा वर्षं तुझ्या पाइपांच्या तोंडाशी बसवलंस ह्यांना. सख्ख्या भावाला. मी सांगत होते तेव्हा हसत होतास."

हे माझ्याकडे बघत होते. "मी प्लग बघून गाडी लावत नाही," म्हणाले. "सव्वीस वर्षांत बघितला नाही."

"मॅडमनी तुमच्या मागे शिट्टी फुंकली," मी म्हटलं.

"कधी?"

ह्यांनी मॅडमकडे बघितलं. त्यांच्या हातात शिट्टी अजून होती. मग दिराकडे बघितलं, आणि तो जमिनीवरची पक्कड उचलायला वाकला. वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

ह्यांनी फडकं घेऊन प्लग काढला. गरम होता. उजेडात धरला. टोक खडूसारखं पांढरं होतं. अंगठ्याने घासून बघितलं, पांढरा रंग निघतोय का म्हणून. निघाला नाही. मी अगदी जवळ उभी होते, मला वाटत होतं, आता ओरडतील, पेट्रोलवर ढकलतील, मॅडमवर ढकलतील, आणि मग मी काय ते बघून घेईन. पण ते तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होते. मला ऐकू आलं. सुतार. मग दुसरी गाडी. मग तिसरी.

मग खाली बसले आणि कार्ब्युरेटर उतरवला. पेट्रोल जायचं पितळी भोक, त्याला जेट म्हणतात, ते काढून मोठ्या भोकाचं घातलं. मॅडमना म्हणाले, चढावरून एक फेरी मारून या. आल्यावर प्लग काढला. फिकट. पुन्हा एक माप मोठं. पुन्हा फेरी. तिसऱ्या वेळी प्लग चहाच्या रंगाचा निघाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या नवऱ्याने डोळे उघडे ठेवून गाडी लावली. मॅडम म्हणाल्या, "मास्तर, आता तापत नाही." हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ते वाक्य मोठ्याने परत म्हटलं. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं याचा आणखी राग आला, कारण मी भांडायला उभी होते.

मॅडमच्या गाडीत नवा प्लग बसवला, पांढरा शर्टाच्या खिशात टाकला. हात धुतले. साबण दोनदा लावला.

"चल," म्हणाले.

"कुठे?"

"सुताराकडे."

"तुम्ही जा. तुम्ही बोललात, तुम्हीच निस्तरा," मी म्हटलं. आधी म्हटलं, मग पुन्हा तोंडासमोर जाऊन म्हटलं.

"निस्तरतो. पण तो हळू बोलतो," हे म्हणाले. "तो काय म्हणेल ते मला ऐकू येणार नाही. तू चल."

मग काय, गेले. रस्ताभर मी एक शब्द बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले, सोमवारी कान तपासायला जायचंय, आणि गेला नाहीत तर मी मुलीकडे राहायला जाईन. ह्यांनी मान हलवली. ऐकू आलं की माझं तोंड बघून कळलं, ते ठाऊक नाही.

सुताराच्या दुकानात भुशाचा ढीग होता. प्लास्टर निघालं होतं, पण रंधा डाव्या हाताने ओढत होता, आणि फळीवर लाटा उठल्यासारखं दिसत होतं. आम्हाला बघून थांबला. बसा म्हणाला नाही. म्हणणारही का?

ह्यांनी खिशातून पांढरा प्लग काढून त्याच्यासमोर फळीवर ठेवला. "हा दुसऱ्या गाडीचा आहे," म्हणाले. "पण तुझ्या गाडीचाही असाच असणार. मी बघितला नव्हता." बोलण्याचा आवाज नेहमीसारखाच, शेडमधला. शेजारच्या काचवाल्याने बाहेर येऊन बघितलं.

सुताराने प्लग उचलला, फिरवून बघितला आणि त्याच्या त्या बारीक आवाजात काहीतरी म्हणाला. बराच वेळ बोलला. एकदा थांबला, मग पुन्हा बोलला.

हे माझ्याकडे वळले. "काय म्हणाला?"

मला गोड करून सांगता आलं असतं. संसारात बाई आयुष्यभर तेच करते, इकडचं तिकडे सांगताना साखर घालते. त्या दिवशी माझ्याकडे साखर नव्हती. मी शब्दाला शब्द सांगितला, मोठ्याने. "तो म्हणतो, हात बरा होईल. पण माझी मुलगी शाळेतून येते आणि विचारते, बाबा, तुम्ही तेल का वाचवलंत? पोरं तिला थेंबाची मुलगी म्हणतात. मी तिला सांगितलं, मी मोजून घातलं होतं. ती हो म्हणते. पण तिला खरं वाटत नाही."

सुतार खाली बघत होता, प्लग अजून हातात. मला वाटलं, हे आता माफी मागतील, खालच्या आवाजात, दोघांत, जशी पुरुष मागतात. ह्यांनी तसं केलं नाही. ते दुकानाच्या दारात गेले. बाहेर काचवाला होता, पलीकडे दोन हमाल ओझं टेकवून बसले होते, वरच्या खिडकीत कोणीतरी बाई होती.

"याचं तेल बरोबर होतं," हे म्हणाले. "मोजून घातलेलं होतं. माझा कान गेलाय. गाडी मी कोरडी लावली. चूक माझी."

अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. पलीकडून एका हमालाने विचारलं, "काय झालं?" ह्यांना ते ऐकू आलं नाही, पण त्याचं तोंड हललेलं दिसलं. म्हणून पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, त्याहून मोठ्याने. मागे सुताराने हातातला प्लग खाली ठेवला.

हळू बोला, असं मी म्हटलं नाही.